स्नेक स्टार्टर किटचं परीक्षण: नवा बॉल पायथन फुत्कारत असेल तर यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं

नाशिकमध्ये बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक (दोन्ही पाळले जाणारे बिनविषारी परदेशी साप) घ्यायला गेलात की सापाबरोबर एक तयार किटही गळ्यात पडतं. दोन फुटी काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, लाल बल्ब, चिकटवायचा काट्याचा थर्मामीटर, अर्ध्या ओंडक्यासारखं हाइड (लपायचा आडोसा), पाण्याची वाटी, लाकडी भुशाची पिशवी आणि हातभर लांबीचा हुक. हा संच कुठल्या एका कंपनीचा नसतो; दुकानदार सुटे भाग गोळा करून बांधतो, त्यामुळे दुकानागणिक एखाददुसरी वस्तू बदलते, बाकी सगळं तेच. इथे हे किट एकाच कामासाठी तपासलंय: घरी नव्याने आलेला, झाकण उघडताच फुत्कारणारा, मान इंग्रजी एससारखी मुरडून झेप घेणारा साप याने शांत होतो का? उत्तर आधीच सांगायचं तर किटमधल्या आठ वस्तूंपैकी दोनच ठेवण्यासारख्या आहेत, आणि एकदोन तर सापाला आणखी बिथरवतात.

खरेदीआधी कायद्याचं बघा. नाग, धामण, मांडूळ, भारतीय अजगर यांपैकी काहीही घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी, पण साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला, म्हणून २०२२च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक साइटिसच्या यादीत नाही, तरी पावती जपून ठेवा. ‘बॉल पायथनचं पिल्लू’ म्हणून कुणी भाल्याच्या पात्यासारखी खूण डोक्यावर असलेला साप दाखवला तर तो भारतीय अजगर समजा आणि दुकानातून बाहेर पडा.

आता पेटी. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवस तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात काढतो, जिथे पाठीला, कुशीला, डोक्याला सगळीकडून माती टेकलेली असते. अशा प्राण्याला चारही बाजूंनी काच आणि डोक्यावर दिवा दिला की घरातला प्रत्येक माणूस त्याच्या लेखी शिकारी. काच वाईट नाही, उघडी काच वाईट. द्राक्षाच्या पॅकिंगचा पुठ्ठा नाशिकमध्ये वाटेल तितका मिळतो. तीन बाजूंना बाहेरून लावा आणि समोरची बाजूही खालून अर्धी झाका. पुठ्ठा चिकटवायला लागणारी टेप बाहेरच राहील हे बघा. आत सेलोटेप कधीच नको. साप तिच्यावरून सरपटला की खवल्यांना चिकटते आणि ओढली तर कातडी सोलून येते. काट्याचा थर्मामीटरही आत चिकटवूनच लावतात, आणि दमट हवेत त्याची गोंदपट्टी सुटून खाली पडते. साप कधी अशा पट्टीला किंवा टेपला चिकटलाच तर खोबरेल किंवा गोडं तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा, मग हलक्या हाताने सोडवा.

पिल्लासाठी पेटीपेक्षा अपारदर्शक प्लास्टिकचा टब सरस. मेनरोड, भद्रकालीत मिळणारा क्लिपचा ३५-४० लिटरचा टब तीन-चारशे ग्रॅमच्या पिल्लाला पहिलं वर्ष पुरतो. सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने दोन्ही लांब बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडा, ती आतून बाहेर, म्हणजे वितळलेला काठ आत राहून अंग खरवडणार नाही. कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी भोक तीन मिलिमीटरच्या वर नको. डोकं गेलं की अख्खा साप जातो. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते, म्हणून टबावर फार खर्च करू नका.

लाल बल्ब थेट कचऱ्यात. ‘सापाला लाल उजेड दिसत नाही’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. पण पेटीत रात्रभर उजेड राहतो, आणि रात्री बाहेर पडणारा हा साप मग बाहेरच पडत नाही. शिवाय बल्ब हवा कोरडी करतो आणि जाळीच्या झाकणातून उरलीसुरली ओलही निघून जाते. बॉल पायथनला साठ ते सत्तर टक्के आर्द्रता लागते. त्याखाली कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यावरचा पापुद्रा अडकून राहतो, आणि नीट न दिसणारा साप सावलीवरही झेप घेतो. म्हणजे आपण ज्याला चिडका स्वभाव म्हणतो तो कित्येकदा बल्बचा प्रताप असतो.

बल्बच्या जागी टबाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती चालू-बंद करणारं यंत्र. किटमध्ये थर्मोस्टॅट नसतो आणि माझ्या मते सगळ्या किटची खरी चूक हीच. थर्मोस्टॅटशिवाय मॅटचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांच्या वर सहज जातो. साप गरम जागा सोडून पळेल असं वाटतं, पण पोटाखालच्या उष्णतेने भाजत असतानाही तो कित्येकदा तिथेच पडून राहतो. भाजलेलं पोट घेऊन बसलेला साप हात लावू देत नाही यात नवल काय?

थर्मोस्टॅट शोधायला पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊ नका. जिल्हाभर द्राक्षांची शीतगृहं आहेत, त्यामुळे एसटीसी-१००० प्रकारचा डिजिटल कंट्रोलर रेफ्रिजरेशनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे रोजच्या विक्रीतला माल आहे, हजाराच्या आत मिळतो. त्याला दोन वेगळे रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात, एक गरम करण्याचा आणि एक थंड करण्याचा. दुकानातला माणूस सवयीने थंडवाला जोडून देतो, कारण त्याच्याकडे येणारी बाकी सगळी गिऱ्हाईकं फ्रीजवाली. तसं जोडलं तर पेटी तापेल तशी मॅट चालूच राहते. जोडणी ‘हीटिंग’लाच आहे ना, हे साप आत ठेवायच्या आधी पाण्याच्या पेल्यात प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) बुडवून तपासा: पाणी ठरवलेल्या आकड्यापेक्षा गार असताना मॅट चालू व्हायला हवी, कोमट पाणी ओतल्यावर बंद. वायरिंगचा सराव नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घ्या, दोनशे तीस व्होल्टशी खेळ नको.

कंट्रोलरचं सेटिंग असं: एफ-१ला (हवं ते तापमान) ३२ अंश, एफ-२ला (मॅट पुन्हा चालू होण्याआधीची घट) अर्धा अंश. एफ-२ दोन अंशांवर ठेवला तर मॅट तीस झाल्यावरच परत चालू होते आणि जमिनीचं तापमान सतत वरखाली होतं. एफ-४ दुरुस्तीचा आकडा. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून प्रोब ठेवा, शून्य दिसायला हवं, जितका फरक तितकी दुरुस्ती. प्रोब मॅट आणि टबाच्या तळाच्या मध्ये बाहेरून लावा. आत ठेवला की साप तो हलवतो, किंवा वाटीतलं पाणी सांडून प्रोब गार होतो आणि कंट्रोलर बिचारा मॅट तापवत बसतो. बाहेरून लावल्यावर आतलं तापमान दोन-तीन अंशांनी कमी भरतं, म्हणून आत वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवून एफ-१ त्या हिशोबाने वाढवा. लक्ष्य हे: बॉल पायथनला उबेची बाजू ३१ ते ३३, गार बाजू २५ ते २७, रात्री कुठेही २४च्या खाली नाही. कॉर्न स्नेकला उबेची २९ ते ३१, गार २२ ते २५, आर्द्रता चाळीस ते साठ टक्के. किटमधला काट्याचा थर्मामीटर भिंतीला चिकटून हवेचं तापमान सांगतो, तेही चार-चार अंशांनी चुकवून. साप लोळतो जमिनीवर. तोही फेका.

ओंडक्याच्या हाइडवर जरा जास्त बोलायला हवं. दिसायला छान, फोटोत तर फारच. पण ते दोन्ही टोकांनी उघडं असतं आणि मध्ये पोकळ. साप आत गेला तरी पाठ छताला टेकत नाही, आणि मागच्या तोंडातून कधी काय येईल याची धास्ती कायम. अशा हाइडमधला साप डोकं बाहेरच्या दिशेला रोखून, गळा फुगवून बसलेला दिसतो. त्याला विसावा म्हणत नाहीत, पहारा म्हणतात. त्यात हाइड एकच. ते उबेच्या बाजूला ठेवलं तर साप तापतो, गार बाजूला ठेवलं तर लपायला मिळतं पण पचायला ऊब मिळत नाही. ऊब की आडोसा अशी निवड करायला लागली की तो आडोसाच निवडतो, मग खात नाही, मग मालक काळजीने रोज उघडून बघतो, आणि चक्र सुरू.

दोन हाइड हवीत, हुबेहूब एकसारखी, एक उबेला, एक गारव्याला. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मातीच्या पसरट कुंड्या मिळतात, त्या या कामाला सगळ्यांत उत्तम. रंग-वॉर्निश न लावलेली घ्या. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला आतून पंधरा-सोळा सेंटिमीटर व्यास आणि सात-आठ सेंटिमीटर उंची पुरे. वेटोळं घातल्यावर अंग सगळीकडे टेकायला हवं. मोठी घेऊन ‘वाढेल तसा मावेल’ असा हिशोब इथे चालत नाही. कुंडी तासभर पाण्यात भिजवा, मग हॅकसॉच्या पात्याने काठाला अर्धवर्तुळ कापा. कोरडी कापलीत तर तडकते. भोक सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट. कापलेला काठ पॉलिश पेपरने इतका घासा की बोट फिरवल्यावर धार लागू नये. उपडी ठेवली की झालं घर. कुंडीच्या तळाचं भोक वर आलेलं असतं, त्यातून उजेड येतो. ओल्या मातीचा गोळा दाबून बुजवा. वाटल्यास याच कुंडीत कात टाकायच्या दिवसांत ओलं मॉस ठेवता येतं.

भुसा पहिले दोन आठवडे नकोच. जुने पेपर अंथरा. विष्ठा, पांढरे युरेट (सापाची घट्ट लघवी), न पचलेलं बाहेर टाकलेलं भक्ष्य आणि काळे ठिपक्याएवढे गोचीड-माइट पेपरवर लगेच दिसतात. पाण्याच्या वाटीत साप तासन्‌तास बसून असेल आणि तळाशी काळे कण असतील तर माइटच. आपल्याकडे घरोघरी द्राक्षबागेच्या फवारणीची औषधं असतात. त्यातलं काहीही सापावर किंवा पेटीत मारू नका. पशुवैद्याकडे न्या. नंतर कोकोपीट टाकायचं असेल तर नर्सरीतून खत न मिसळलेलं घ्या आणि दोनदा पाण्याने धुऊन क्षार काढा.

पाण्याची वाटी चांगली आहे, जड आणि न कलंडणारी. ठेवा. नागपंचमीला तिच्यात दूध ओतायला येणाऱ्यांना मात्र आवरा.

हुकही ठेवण्यासारखा, फक्त तो कशासाठी आहे हे दुकानात कुणी सांगत नाही. सर्पमित्र वापरतात ती काठी वेगळी. तिने साप लांब ठेवायचा असतो. घरचा हुक दाबायला किंवा उचलून लटकवायला नाही, सूचना द्यायला. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणारे खळगे असतात. झाकण उघडलं आणि गरम हात आत आला की त्याला तो उंदीर वाटू शकतो. म्हणून हात घालण्याआधी हुकाच्या बोथट पाठीने अंगाच्या मधल्या भागाला दोन-तीनदा हलकं घासायचं. दररोज तेच, त्याच क्रमाने. खाऊ घालताना हुक कधीच दाखवायचा नाही. काही आठवड्यांत हुक लागला की डोकं आत ओढलं जातं पण झेप येत नाही, हे चांगलं लक्षण.

झेप कुठली हेही ओळखायला शिका. भ्यालेला साप अंग फुगवून फुत्कारतो, तोंड मारून लगेच मागे होतो; कॉर्न स्नेक शेपटी थरथरवतो आणि घाण वासाचा द्रव सोडतो. भुकेला साप मुळीच फुत्कारत नाही: जीभ सावकाश, नजर एका जागी, अंग हळूहळू पुढे, आणि पकडलं तर सोडत नाही, वेटोळं घालतो. पहिल्याला वेळ द्यावा लागतो, दुसऱ्याला हुक आणि हाताचा साबण. उंदराचा वास हाताला असेल तर दोष तुमचा.

वेळापत्रक किटबरोबर मिळत नाही, म्हणून इथेच. पहिले सात दिवस फक्त पाणी, एक दिवसाआड, संध्याकाळी. सातव्या-आठव्या दिवशी पहिलं खाणं: उंदीर, सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा, वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला तीस ते पंचेचाळीस ग्रॅमचा. गोठवलेला उंदीर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात अंगाएवढा कोमट करा. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतो आणि पोट फुटतं. जिवंत उंदीर सोडू नका, तो सापाला कुरतडतो. नाही खाल्लं तर आठवडाभर विसरून जा. रोज पुढे करणं म्हणजे रोज घाबरवणं. किचनच्या काट्यावर वजन करत राहा, दहा टक्क्यांपर्यंत घट असेल तर थांबायला हरकत नाही.

सलग तीन वेळा खाल्ल्यानंतरच हाताळणी सुरू. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं, खाल्ल्यानंतर अठ्ठेचाळीस तास गेल्यावर. त्याआधी हाताळलं तर खाल्लेलं बाहेर येतं, आणि मग दहा-चौदा दिवस काहीही न देता पुन्हा लहान खाण्यापासून सुरुवात. कुंडीत हात घालू नका, कुंडी उचलून बाजूला ठेवा. हुक लावा. मग हात वरून नाही, बाजूने, अंगाच्या मधल्या तिसऱ्या भागाखाली सरकवा आणि दोन ठिकाणी आधार देऊन उचला. वरून येतं ते घारीचं पाऊल. फुत्कारला तर हात झटकून मागे घेऊ नका आणि पुढेही ढकलू नका, आहे तिथे थांबा. श्वास संथ झाला की उचला. दरवेळी फुत्कार ऐकून झाकण लावलंत तर तो युक्ती शिकतो. शांत असतानाच परत ठेवा. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत हात लावणं बंद.

जाड वेल्डिंगचे हातमोजे काही दुकानं वेगळे पैसे घेऊन देतात. सापावर किती दाब पडतोय हे त्यात कळत नाही. पण हात दचकून मागे येत असेल तर पातळ कापडी मोजे घाला. दचकणाऱ्या हातापेक्षा ते बरे. चावलाच तर विष नाही, सुईसारखे मागे वळलेले दात आहेत, म्हणून ओढू नका. सोडत नसेल तर नळाच्या थंड पाण्याखाली धरा, वेटोळं शेपटीकडून उलगडा. साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. एरवीही साल्मोनेला जंतूंची लागण टाळायला प्रत्येक वेळी हात धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप द्यायचा नाही.

हे सगळं करून सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर, पोटावर तांबूस डाग: सापांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. ‘स्पायडर’ या रंगप्रकाराचा बॉल पायथन असेल तर डोकं डुगडुगणं आणि नेम चुकणं जन्मजात मज्जादोष आहे, त्याला हुक-कुंडीने उपाय नाही, आणि विकताना हे सांगणारा दुकानदार विरळा.

नाशिकच्या हवेचं एवढं लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. मॅट जमीन तापवते, हवा नाही. टबाच्या तीन बाजूंना आणि झाकणावर भोकं मोकळी सोडून थर्माकोल लावा, तरी आतली हवा २४च्या खाली जात असेल तर खोलीत हीटर. एप्रिल-मेमध्ये उलटं: बाहेर चाळीस, खोली छत्तीस, थर्मोस्टॅट मॅट बंद ठेवेल पण गार काही करणार नाही. टब पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीवर ठेवा, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून बाहेरून टेकवा. कूलर असलेली खोली उत्तम, आर्द्रताही सांभाळली जाते. फ्रीजवर टब ठेवू नका, कॉम्प्रेसरची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते. त्याच कारणाने गणपतीत, दारातून नाशिक ढोल जात असतील त्या आठवड्यात नवी हाताळणी सुरू करू नका. सुरू असेल तर थांबवा.

गुण द्यायचे तर किटला पाचपैकी दीड: एक वाटीला, अर्धा हुकाला. किटच्याच पैशात टब, मॅट, कंट्रोलर, डिजिटल थर्मामीटर आणि दोन कुंड्या येतात, वर रिक्षाभाडंही सुटतं. दुकानदार साप किटशिवाय देत नसेल तर काचेची पेटी तेवढी घ्या; पुठ्ठा लावला की चालते, आणि लाल बल्ब त्याच्याच काउंटरवर ठेवून या.